बॉयलरपाशी शिकलेला हिशेब

कापडाच्या औद्योगिक वसाहतींचा कार्बनचा हिशेब मांडणं हे माझं काम. त्यातलं जे खरोखर उपयोगी पडतं, ते मला इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड धुऊन रंगवणाऱ्या कारखान्यात, बॉयलर सांभाळणाऱ्या मामांनी दिलं. सगळी पाळी त्यांना मामाच म्हणायची, म्हणून मीही.

विठ्ठलराव दातारांनी 1904 साली इथे पहिला यंत्रमाग आणला आणि गाव मागांवर वाढलं. मागांचा हिशेब सोपा असतो. बिलातले युनिट घ्यायचे, ग्रिडच्या दर युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरायचा. रंगाई-धुलाईची भूक मात्र उष्णतेची. जिगरमधलं पाणी तापवायचं, सिलिंडरवर कापड सुकवायचं, स्टेंटरमध्ये ताणून बसवायचं. त्यासाठी कोळसा, लाकूड, बगॅस जळत राहतो. त्याचं बिल असतं, पण त्यातलं किती कापडाला पोचलं हे बिलावर लिहिलेलं नसतं.

बिलावर नसलेलं ते मामा वाचायचे. राख चिमटीत चोळून म्हणायचे, "ह्यात अजून कोळसा हाय, मॅडम. पैसं गेलं, पर जळला न्हाई." वाफ अडवून फक्त पाणी सोडणाऱ्या स्टीम ट्रॅपला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावायचे. आवाज थांबून थांबून आला तर ठीक. सलग फुसफुस आली की वाफ तशीच निसटतेय. मलाही ते ऐकायला लावलं, कान तयार होईपर्यंत. कंडेन्सेटचं, म्हणजे वाफ निवून झालेलं, गरम पाणी गटारात चाललेलं दिसलं की त्यांचा जीव तुटायचा. बॉयलरला जाणारं पाणी सहा अंशांनी जास्त गरम असलं तर सुमारे 1 टक्का इंधन वाचतं, हे पुस्तकात मी वाचलं होतंच. त्या एका टक्क्यासाठी पाईपला चिंध्या गुंडाळणारा माणूस तिथे पाहिला.

पण सगळ्यात मोठं देणं त्यांच्या एका वाक्याचं. शेजारचे मागवाले कसे स्वच्छ, अशी चर्चा चालली होती. मामा म्हणाले, "कोरं कापड त्यांचं, धूर आमचा. अंगावर घालायचं झालं तर आमच्याकडंच यायला लागतंय न्हवं?"

एकेका कारखान्याला गुण दिले तर विणणारा पहिला येतो आणि रंगवणारा नापास होतो. म्हणून मी आता अख्खी वसाहत एक धरते. एकूण कार्बनला भाजक तयार कापडाचा, कोरं कापड वेगळं. सामाईक सांडपाणी प्रकल्पाची वीज ज्याचं जितकं पाणी त्याच्या नावावर. छपरावरचे सोलर पॅनेल मला मनापासून आवडतात, पण ते वीज कमी करतात, बॉयलर नाही; अहवालात त्यांचा फोटो पहिल्या पानावर टाकायला मी ठाम नकार देते. झाड परत वाढतं असं धरून लाकडाच्या धुरातला कार्बन रीतीप्रमाणे वेगळा नोंदला जातो. मामांनी त्यावर विचारलं होतं, "मग ते झाड परत कोण लावतंय?" तेव्हापासून लाकूड कुठून आलं याचा पुरावा मागितल्याशिवाय तो आकडा मी स्वीकारत नाही.

मामा आता निवृत्त होऊन गावी शेती बघतात. माझ्या हाताखालच्या मुलांना मी पहिल्या दिवशी लॅपटॉप गाडीतच ठेवायला सांगते आणि थेट बॉयलरकडे नेते. तिथे जो कोणी पाळीवर असेल, त्याला आधी विचारायचं, मीटर नंतर बघायचे.