प्रस्तावाचे गद्य

व्यावसायिक प्रस्तावाला गद्यलेखनाचा एक प्रकार मानण्यास आमच्यापैकी कोणीही एके काळी तयार झाले नसते. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या आम्हा तिघांना २०११ साली तालुक्याच्या गावी पुस्तकांचे दुकान काढायचे होते. एका सहकारी बँकेकडे ४ लाखांचे कर्ज मागायचे ठरले. तारण होते ते आमच्यातील एकाच्या आईचे राहते घर.

पहिला मसुदा एका रात्रीत झाला. वाचनसंस्कृतीचा ऱ्हास, खेड्यातील विद्यार्थ्याची ज्ञानतृष्णा, ग्रंथांचे ऋण. विशेषणांना तोटा नव्हता. शाखाधिकाऱ्यांनी सारी पाने शांतपणे वाचली आणि एवढेच विचारले, "जुलै-ऑगस्टचा हप्ता कशातून भरणार?"

आम्ही घरी येऊन वही उघडली. ५ वर्षांची मुदत, १२ टक्के व्याज. म्हणजे हप्ता सुमारे ८,९०० रुपये. भाडे ५,०००. वीज, वाहतूक, किरकोळ खर्च २,१००. एकूण १६,०००. प्रकाशकांकडून सरासरी ३० टक्के सवलत मिळणार, तिच्यातील १० टक्के वाचकाला द्यायची, हाती उरणार २० टक्के. तेव्हा दरमहा ८०,००० रुपयांची विक्री हवी, आणि त्यात आमची स्वतःची मिळकत शून्य! जूनमध्ये शालेय पुस्तके, दिवाळीला दिवाळी अंक, मार्चअखेर ग्रंथालयांची खरेदी. मधले महिने कोरडे. घर गहाण टाकायला निघालेल्या आम्हाला हे साधे गणित ठाऊक नव्हते.

मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त उपदेशाचे तीन प्रकार आहेत. वेद धन्यासारखी आज्ञा करतात, पुराणेतिहास मित्रासारखे समजावतात, काव्य प्रियेसारखे मन वळवते. परीक्षेत आम्ही हे अनेकदा लिहिले होते. त्याचा अर्थ त्या रात्री उमगला. आमचा मसुदा कान्तासंमित होता. प्रस्तावाची जात सुहृत्संमित. मित्र आपल्या हिताचे सांगतो, तसे स्वतःच्या विरुद्ध जाणारेही सांगतो; म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसतो.

दुसऱ्या मसुद्यात मागणी अडीच लाखांवर आणली. हप्ता ५,६०० रुपयांच्या आत आला. वह्या आणि लेखनसाहित्य ठेवण्याचे ठरवले. कोरड्या महिन्यांचे हप्ते जूनच्या विक्रीतून आधीच बाजूला काढण्याची तजवीज लिहिली. शेवटी एक परिच्छेद घातला: विक्री अंदाजाच्या निम्म्यावर आली तर आम्ही तिघे शिकवण्यांच्या मिळकतीतून हप्ता भरू. अपयशाची शक्यता आपणच का नोंदवावी, यावर आमच्यात कडाक्याचा वाद झाला. ज्याच्या आईचे घर होते, त्यानेच तो परिच्छेद राखण्याचा आग्रह धरला. तो म्हणाला, "आईला हे वाचून दाखवायचं आहे."

शाखाधिकारी नेमके त्याच परिच्छेदापाशी थांबले आणि त्यांनी तो पुन्हा वाचला. कर्ज मंजूर झाले. पुढे ते मुदतीत फिटले. दुकानाने आम्हाला श्रीमंत मात्र केले नाही.

आम्ही आजही समीक्षालेख लिहितो. 'अभिजात', 'युगप्रवर्तक' असे शब्द लेखणीतून सहज उतरू लागले की तो प्रश्न आठवतो. त्या शब्दांचा हप्ता कशातून भरणार, हे सांगता आले नाही तर ते खोडतो.