महत्त्वाची घटना कोणती?

नववीला मराठीच्या तासाला काम दिलं होतं : आवडत्या नायकाच्या आयुष्यातल्या तीन महत्त्वाच्या घटना लिहा. माझी मुलं उर्दू माध्यमाची. शिवाजी महाराज, अब्दुल कलाम अशी नावं येतील असं वाटलं होतं. तशी आलीही. पण मागच्या बाकावरच्या दोघांनी सुपरमॅन लिहिला आणि त्यांचं जुंपलं.

"सर, सुपरमॅन मेला ही सगळ्यांत मोठी घटना."

"मेला आणि परत आला! मग त्यात काय झालं?"

प्रश्न रास्त होता. नोव्हेंबर १९९२ मध्ये अमेरिकेत सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक आला, तेव्हा दुकानांपुढे रांगा लागल्या होत्या. पुढच्याच वर्षी तो जिवंत झाला. उलट स्पायडरमॅनचे बेनकाका १९६२ मध्ये पहिल्याच गोष्टीत गेले. पीटरने ज्या चोराला जाऊ दिलं होतं, त्यानेच त्यांना मारलं. या मृत्यूचा गाजावाजा झाला नाही, पण स्पायडरमॅनची गोष्ट आजही त्यांच्याशिवाय सांगता येत नाही.

मग मी मुलांना 'बहादूर' सांगितला. त्याचे जनक आबिद सुरती आपल्या मीरा रोडचे. २००७ पासून रविवारी प्लंबर सोबत घेऊन घरोघरचे गळके नळ फुकट दुरुस्त करून देणारे, तेच. १९७६ मध्ये त्यांचा बहादूर इंद्रजाल कॉमिक्समध्ये आला. त्याच्या अंगात कसलीही दैवी शक्ती नव्हती. बाप डाकू, पोलिसांच्या गोळीने मेलेला. पोरगा सूड घ्यायचा ठरवतो आणि पुढे तो सूडच सोडून देतो, गावाच्या रक्षणासाठी दल उभं करतो. त्याने किती डाकू पकडले ते मला आज आठवत नाही. सूड सोडला, एवढं पक्कं आठवतं. तो सोडला नसता तर बहादूरही डाकूच झाला असता.

"सर, तुमच्या तीन घटना कोणत्या?" एका मुलीने विचारलं. मी बीएड, नोकरी, लग्न असं सांगून टाकलं. तास संपला.

घरी चालत येताना हिशेब लागला. सुपरमॅन मेला तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो, मुंबईत एका चाळीत. पुढच्याच महिन्यात शहर पेटलं. १९९३ मध्ये आम्ही मीरा रोडला आलो. माझी इंद्रजालची थप्पी तिकडेच राहिली. अब्बांनी या सगळ्याला कधीच घटना म्हटलं नाही. पाहुण्यांनी विचारलं की सांगायचे, "वहाँ जगह छोटी पडती थी." मीही तेच सांगत आलो.

पण अम्मीला कुठलंही साल विचारा. दादीचा इंतकाल, धाकट्याची सुंता, मामूंचं लग्न, कशाचंही. ती आकडा सांगत नाही. तिच्याकडे दोनच सनावळ्या आहेत : "उधर थे तब" आणि "इधर आए तब".

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नियम लिहिला : जिच्यामुळे घरातली माणसं 'आधी' आणि 'नंतर' म्हणू लागतात, ती महत्त्वाची घटना. खाली माझी यादी लिहिली. पहिल्या जागी 'घर बदललं'.

मागच्या बाकावरचा तो पोरगा थोडा वेळ बघत राहिला.

"सर, तुम्ही परत गेलात का तिकडे?"

"नाही रे."

"मग बरोबर आहे," तो म्हणाला आणि वहीत उतरवून घेऊ लागला.