दहा हजारांचें बटन

पन्नाशीनंतर मनुष्यानें नवें व्यसन जडवून घेऊं नये, असें आमचे एक वडीलधारे स्नेही म्हणत असत. स्वतः ते साठीनंतर पत्ते खेळावयास शिकले. आमचें व्यसन तर नवेंहि नव्हतें. रेकॉर्डी ऐकण्याचा नाद आम्हांस विद्यार्थिदशेपासून आहे. नवें झालें तें एवढेंच कीं, ज्या यंत्राचीं चित्रें पाहून त्या काळीं आम्ही उसासे टाकीत असूं, तें यंत्र गेल्या वर्षीं आमच्या दिवाणखान्यांत येऊन बसलें.

यंत्राचें नांव क्वाड ३३. हा प्री-अँप्लिफायर आहे. कोणी भाषाशुद्धीचा अभिमानी त्यास ‘पूर्ववर्धक’ म्हणेल. आमची हरकत नाहीं, परंतु दुकानांत जाऊन तो शब्द उच्चारण्याचें धैर्य आम्हांस नाहीं. इंग्लंडांतील हंटिंग्डन गांवीं पीटर वॉकर यांच्या कारखान्यांत १९६७ सालीं हा नमुना प्रथम निघाला. म्हणजे तो आमच्याहून दोनच वर्षांनीं वडील. ‘क्वाड’ हीं आद्याक्षरें आहेत आणि त्यांतील शेवटचें अक्षर ‘घरगुती’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचें आहे, ही गोष्ट खरेदीच्या प्रसंगीं आम्हीं आमच्या कुटुंबास मुद्दाम समजावून सांगितली. तिचा व्हावा तसा परिणाम झाला नाहीं. यंत्र आलें तेव्हां त्याच्या पोटांतील कांहीं कपॅसिटर वयोमानानें सुकले होते. मुंबईच्या एका वृद्ध कारागिरानें ते काढून नवे बसविले, आणि मूळ यंत्राच्या किंमतीला शोभेल असें बिल दिलें.

हें यंत्र करतें काय? भौतिकशास्त्राच्या एका सहकाऱ्यांनीं तें आम्हांस शिक्षकांच्या खोलींत चहाच्या साक्षीनें शिकविलें. रेकॉर्डच्या खांचेंत सुई थरथरते, आणि त्या थरथरण्यापासून जी वीज उपजते ती व्होल्टचे चार-पांच सहस्रांश इतकी क्षीण असते. ती वाढवावी लागतेच. पण खरें नाजूक काम त्याहून निराळें आहे. खर्जाचे नाद जसेच्या तसे कोरले तर खांच इतके रुंद हेलकावे घेईल कीं ती शेजारच्या खांचेंत शिरेल. आणि अगदीं बारीक, उंच नाद जसेच्या तसे कोरले तर ते रेकॉर्डच्या खरखरीत बुडून जातील. म्हणून कोरतांना खर्ज दाबतात व उंच नाद उचलतात, आणि ऐकतांना या यंत्रानें बरोबर तितकाच खर्ज उचलावयाचा व तितकेच उंच नाद दाबावयाचे. सेकंदास २० कंपनांच्या नादास सुमारें दसपट चढ, २० हजार कंपनांच्या नादास सुमारें दसपट उतार. हा हिशेब पूर्वीं कंपनीगणिक निराळा असे. १९५४ सालीं अमेरिकेंत एक प्रमाण ठरलें आणि पुढें जगानें तें मानलें. एकानें मुद्दाम वांकडें करावें व दुसऱ्यानें तें बिनबोभाट सरळ करावें, असा हा व्यवहार आहे. पेपर तपासणारा आणि त्याच्यावरचा मॉडरेटर यांचें नातें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस तो अपरिचित वाटूं नये.

आकारानें म्हणाल तर यंत्र एखाद्या मोठ्या जेवणाच्या डब्याएवढें. हल्लींचे महागडे प्री-अँप्लिफायर याच्या चौपट मोठे असतात, आणि त्यांच्या दर्शनी भागावर आवाजाच्या खुंटीखेरीज बहुधा कांहीं नसतें. सुराच्या शुद्धतेंत ढवळाढवळ नको, असें त्यांचे कर्ते सांगतात. वॉकरसाहेबांचें मत असें नव्हतें. सर्वच रेकॉर्डी निर्दोष नसतात, हें जाणून त्यांनीं ऐकणाऱ्याच्या हातीं उपाय ठेवले, आणि आमच्या मतें ते त्यांचें शहाणपण होय. त्यांतला मोठा उपाय म्हणजे ५, ७ व १० हजार अशा आंकड्यांचीं तीन बटनें. जें दाबावें त्या आंकड्याच्या वरचे नाद उतरणीस लागतात. तो उतार किती तीव्र असावा हें एका खुंटीनें ठरवावयाचें, आणि सगळेंच नको असेल तर रद्द करण्याचें बटन निराळें. जुन्या रेकॉर्डीची खरखर गाळण्याची ही चाळणी. “दहा हजारांचें बटन” असा उल्लेख आमच्या तोंडून प्रथम निघाला तेव्हां आमच्या कुटुंबानें, “एका बटनाला?” असें म्हणून जें आमच्याकडे पाहिलें, तें वर्णन करण्यासारखें नाहीं.

पहिल्या आठवड्यांत आम्हीं एका जुन्या मित्रास पत्र लिहिलें. तें पत्र परत मिळालें तर बरें होईल. त्यांत आम्हीं लिहिलें होतें कीं, या यंत्रानें तानपुऱ्याभोंवतीं जणूं हवा खेळूं लागली आहे. जवारींतील दोऱ्याचें बारीक काम, जें आजवर ऐकूं आलें नव्हतें, तें आतां वेगळें उमटतें. आणि असेंच आणखी कांहीं. इंग्रजी शिकविणाऱ्या मनुष्यास विशेषणांची वाण पडत नाहीं.

पुढच्या रविवारीं किशोरी आमोणकर यांचा एक लाँगप्ले लागला होता. आमची कन्या शेजारीं भाजी निवडीत बसली होती. सहज म्हणून आम्हीं उताराची खुंटी शेवटपर्यंत नेली आणि दहा हजारांचें बटन दाबलें. कांहीं झालें नाहीं. बटन बिघडलें असावें असें मनांत येतें न येतें तोंच ती म्हणाली, “बाबा, काय केलंत? तानपुरा एकदम कांबळ्याखालीं गेला कीं!”

आम्हीं बटन सोडलें. “हं, आतां आला बाहेर.” पुन्हां दाबलें. “गेला.”

आम्ही हंसलों, परंतु तें हंसणें चांगलें नव्हतें, हें तिच्याहि ध्यानांत आलें असावें. मग आम्ही हट्टास पेटलों. भिंतीकडे तोंड करून बसलों, आणि तिनें बटन दाबावें वा सोडावें व आम्हीं ओळखावें, असा क्रम दहा वेळां केला. आमचीं पांच उत्तरें बरोबर आलीं, म्हणजे नाणें उडवून जितकीं यावीं तितकींच. नंतर जागा बदलून तिनें दहांपैकीं दहा ओळखलीं, आणि तेंहि भाजी निवडतां निवडतां. सात हजारांचें बटन दाबल्यावर मात्र आम्हांसहि फरक कळला; तोहि मोठ्या मुष्किलीनें, आणि कळला याचा आनंद झाला हीच लाजिरवाणी गोष्ट.

कानाच्या डॉक्टरांनीं नवें कांहींच सांगितलें नाहीं. आंतल्या कानांत सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. उंच नादांच्या पेशी दाराशींच असल्यामुळें बहुधा त्याच प्रथम झिजतात. पक्ष्यांस त्या पुन्हां फुटतात, मनुष्यास नाहीं. “बोलणें व्यवस्थित ऐकूं येतें ना? मग झालें!” असें म्हणून त्यांनीं आमची बोळवण केली. यंत्राचे कपॅसिटर बदलणारा कारागीर आम्हांस फार आठवला.

तें यंत्र आम्हीं ज्या कानांसाठीं घेतलें ते कान तीस वर्षांपूर्वींचे होते, हें तेव्हां आमच्या ध्यानांत आलें. पैसे सांठेपर्यंत ऐकणारा निघून गेला. आणि मग पत्रांतली ती ‘हवा’? ती आमच्या पाकिटाच्या रिकामेपणांतून वाहत होती, दुसरें काय! तरीहि यंत्र फुकट गेलें असें आम्ही म्हणणार नाहीं. गळ्याचा मुख्य ऐवज या सगळ्या आंकड्यांच्या बराच खालीं असतो. स्वराचा लगाव, श्वास घेतांनाची किंचित् ओढ, तबल्याचा डग्गा, हें सर्व पूर्वींच्या आमच्या यंत्राहून येथें निश्चित स्वच्छ आहे. आणि हें मत आम्हीं भिंतीकडे तोंड करून तपासलें आहे.

एका संध्याकाळीं अब्दुल करीम खांसाहेबांची झिंझोटींतील ठुमरी लावली. खांसाहेब १९३७ सालीं गेले. मूळ तबकडी ७८ फेऱ्यांची, आमच्याजवळ आहे ती पुढें लाँगप्लेवर उतरविलेली. अशा तबकड्यांत फार उंचीवर गाणें असें फारसें नसतें, खरखरच असते. कन्येनें दहा हजारांचें बटन दाबलें, मग सात हजारांचें. खरखर ओसरली, गळा होता तेथेंच राहिला. “यांत माझ्या कानाला तुमच्यापेक्षां जास्त कांहीं मिळत नाहीं,” ती म्हणाली. आमचें समाधान करावें म्हणून ती म्हणाली कीं खरेंच तसें होतें, हें आम्हीं विचारलें नाहीं. तीन-साडेतीन मिनिटें आम्ही दोघें एकच गाणें ऐकत होतों.

जूनमध्यें ती नोकरीसाठीं बंगलोरास गेली. आतां यंत्राजवळ संध्याकाळीं आम्ही एकटेच असतों. नव्या रेकॉर्डी लावल्या कीं दहा हजारांचें बटन दाबलें काय आणि सोडलें काय, आम्हांस सारखेंच. तरी तें आम्ही सोडूनच ठेवतों. परवां आमच्या कुटुंबानें स्वयंपाकघरांतून विचारलें, “अहो, आज तानपुरा छान लागलाय, कोणाची रेकॉर्ड?” आम्हीं नांव सांगितलें आणि आवाजाची खुंटी थोडी पुढें केली.