दुपारी दोननंतरचा बर्फ

माझा पहिला स्नोबोर्ड मी नाकाला लावून विकत घेतला. डेन्व्हरमधल्या एका दुकानात विक्रेत्याने बोर्ड माझ्यापुढे उभा धरला. टोक हनुवटी आणि नाक यांच्या मधोमध आलं आणि तो म्हणाला, हाच तुमच्या मापाचा. माझी उंची पाच फूट सात इंच, वजन ५७ किलो. बोर्ड १५४ सेंटिमीटरचा, पुरुषांसाठी बनवलेला आणि चांगलाच कडक. वजन त्याने विचारलं नाही. ते विचारायला हवं होतं हे मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्या बोर्डवर मी दोन हिवाळे काढले. इथे उतारांना खुणा असतात: हिरवा गोल सोप्याचा, निळा चौकोन मधल्याचा, काळी चौकट अवघडाची. हिरवे उतार मला जमले, निळे सुरू झाले आणि तिथेच मी थांबले. टाचेच्या बाजूने वळताना बोर्ड खडखडत घसरत जायचा. चाळिशीत शिकायला घेतलं, शरीर ऐकत नाही, अशी मी मनाची समजूत घातली होती. मग एका मार्चमध्ये, जवळजवळ सपाट अशा वाटेवर, खालच्या बाजूची कड बर्फात अडकली आणि मी हातावर आपटले. मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं.

त्या दिवसांत माझ्या मैत्रिणीचा मुलगा आईने दिलेला डबा घेऊन आला. सोळा वर्षांचा हा मुलगा शाळा सुटल्यावर एका दुकानात बोर्डांच्या कडा घासायचं आणि मेण लावायचं काम करतो. गॅरेजमध्ये माझा बोर्ड दिसताच त्याने तो जमिनीवर तिरका टेकवला, मधोमध तळहात ठेवून दाबला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “मावशी, तू याच्यासाठी खूप हलकी आहेस.”

दोन वर्षं मी ज्याला माझा दोष समजत होते त्याचं अर्धं उत्तर या एका वाक्यात होतं. बोर्डला उंची कळत नाही, वजन कळतं. बोर्डची कड सरळ नसते, कमरेशी आत गेलेली असते. तो कडेवर कलला आणि माणसाच्या वजनाने वाकला, म्हणजे ती आत गेलेली कड बर्फात कमान काढते आणि त्या कमानीवरून आपण वळतो. माझ्या वजनाने तो बोर्ड पुरेसा वाकतच नव्हता, त्यामुळे मी वळत नव्हते, नुसती घसरत होते.

ही कड सुरुवातीला नव्हतीच. या खेळाची सुरुवात १९६५ सालच्या नाताळात झाली असं मानतात. मिशिगनमधल्या मस्कीगनच्या शर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या. त्या खेळण्याला ‘स्नर्फर’ म्हणत. पुढे टोकाला हातात धरायला दोरी होती, पण धातूची कड नव्हती. त्याच खेळण्यावर वाढलेल्या जेक बर्टन कार्पेंटर यांनी १९७७ मध्ये व्हरमाँटला बोर्ड बनवायला घेतले, आणि १९९८ मध्ये नागानोला हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. एवढ्या काळात बोर्ड किती तरी बदलले, पण मला विचाराल तर या वस्तूचं मर्म त्या पोलादी कडेत आणि ती बर्फाला किती लांबीपर्यंत टेकते यात आहे. १४९ सेंटिमीटरच्या बोर्डची टेकणारी कड साधारण ११५ सेंटिमीटर असते. दुकानात लांबी सगळे विचारतात, हा आकडा क्वचितच कोणी विचारतं.

मनगट बरं झालं तेव्हा ठरवलं, की पुढच्या हंगामात आधी वापरून बघायचं आणि मगच घ्यायचं. इथली बरीच दुकानं नवे बोर्ड दिवसाच्या भाड्याने देतात, आणि मी गेले तिथे नंतर खरेदी केली तर ते भाडं किमतीतून वजा होणार होतं. मला हवा होता ‘ऑल-माउंटन’ बोर्ड: नुसत्या उड्यांसाठी नाही, नुसत्या खोल ताज्या बर्फासाठीही नाही, तर डोंगर त्या दिवशी जे देईल त्यावर चालणारा. असे तीन बोर्ड मी निवडले, तिन्ही १४९च्या आसपासचे. त्यांची नावं इथे देत नाही. कंपन्या दर वर्षी रंग आणि रचना बदलतात, एका नावाखाली तीन वर्षांनी वेगळीच वस्तू मिळू शकते. आकार आणि स्वभाव मात्र ओळखता येतात.

जागा एकच ठेवली, कोलोरॅडोमधलं कॉपर माउंटन हे स्कीचं ठिकाण. डेन्व्हरहून पहाटे पाचला निघायचं, आयसेनहॉवर बोगदा ओलांडायचा. पायथा २,९६० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या पावणेदोन पटीहून उंच, आणि माथा ३,७५० मीटरवर. या डोंगराची एक गंमत मला फार आवडते: पश्चिमेला सोपे उतार, मध्ये मध्यम आणि पूर्वेला अवघड, अशी निसर्गानेच वाटणी केलेली आहे. माझ्यासारख्या मधल्या माणसाला मधल्या भागात निवांत प्रयोग करता येतो.

प्रयोगात बाकी काही बदलायचं नाही हे त्या मुलाने बजावलं होतं. बूट माझे, बूट बोर्डला जखडणारी बाइंडिंग माझी, पुढचा पाय १५ अंश बाहेर, मागचा ६ अंश उलट दिशेला, दोन पायांतलं अंतर टेपने मोजून तेवढंच. कड धारदार आहे का हे बघायला नखाची पाठ तिच्यावरून हलकेच ओढायची. नखाचा बारीक भुगा निघाला तर धार आहे. भाड्याच्या बोर्डची धार बोथट असेल तर दोष धारेचा असतो आणि आपण बोर्डला नावं ठेवतो. एका सकाळी तसंच झालं होतं. बोर्ड परत दिला, धार लावून घेतली आणि तासाभराने तोच बोर्ड निराळा वाटला.

सगळ्यात महत्त्वाचं होतं ते वेळेचं. सकाळी नऊला उतार ताजा असतो. रात्री यंत्रांनी बर्फ सारखा केलेला, त्यावर बारीक समांतर रेघा. माझ्या माहेरी फलटणला पाभर फिरवून झाल्यावर रान असंच दिसतं. त्या बर्फावर कोणताही बोर्ड चांगला वाटतो, अगदी माझा जुनासुद्धा. दुपारी दोनपर्यंत शेकडो माणसं त्यावरून गेलेली असतात. मऊ थर खरवडला जाऊन बाजूला ढीग होतात, मध्ये काचेसारखे गुळगुळीत पट्टे उघडे पडतात आणि उरलेलं नांगरटीनंतरच्या ढेकळांसारखं होतं. त्यात आपले पायही थकलेले. म्हणून प्रत्येक बोर्डला मी दोन दिवस दिले आणि निकाल दोन ते चार या वेळातच लावला. लिफ्टच्या खुर्चीत बसल्यावर हातमोजा काढून फोनवर मराठीत बोलून ठेवायचं: काय धरलं, काय सुटलं, कुठे भीती वाटली.

पहिला बोर्ड कॅम्बरचा. टेबलावर ठेवला की मधला भाग उचललेला आणि टेकतात फक्त दोन टोकांजवळचे भाग. त्यावर उभं राहिलं की तो सपाट होतो आणि आपला भार कडेच्या पूर्ण लांबीवर पसरतो. काचेच्या पट्ट्यांवर टाचेची कड बसली ती बसलीच. दोन वर्षांत पहिल्यांदा मला वळणाचा शेवट स्वतःच्या हातात असल्यासारखा वाटला. पण हळू जाताना, सपाट वाटेवर, जरासा कंटाळा आला आणि बोर्ड सपाट सोडला की टोकाकडची कड लगेच अडकायला बघायची. मनगट मोडलेल्या माणसाला ते फार जाणवतं. माझी नोंद आहे: “धरतो, पण माफ करत नाही.”

दुसरा रॉकरचा, उलट्या बाकाचा. मध्ये टेकलेला, दोन्ही टोकं उचललेली. त्या शनिवारी रात्रीतून बर्फ पडला होता आणि कोलोरॅडोचा बर्फ पिठासारखा कोरडा असतो. त्यात हा बोर्ड तरंगत गेला, कड कुठे अडकली नाही, दिवसभरात मी एकदाही जोरात पडले नाही. शिकणाऱ्याला यापेक्षा सुखाचं काही नसेल. दुसऱ्या दिवशी ढग गेले, उतार कडक झाला आणि दुपारी तोच बोर्ड पायाखाली भोवऱ्यासारखा फिरायला लागला. वळायला सांगितलं की वळतो, थांबायला सांगितलं तरी थोडा वळतच राहतो. माझ्या मते मध्यम पातळीच्या माणसाचा यात मोठा तोटा आहे. चूक झालेली कळतच नाही, त्यामुळे ती सुधारत नाही.

तिसरा दोन्हींचं मिश्रण होता. पायांखाली कॅम्बर, पुढचं टोक लवकर उचललेलं, मागचं थोडंसंच. कड किंचित नागमोडी, करवतीच्या बोथट दात्यांसारखी, म्हणजे कडक बर्फाला ती अनेक ठिकाणी चावते. वॉशिंग्टन राज्यातल्या मर्विन कंपनीने ‘मॅग्ने-ट्रॅक्शन’ नावाने ही कल्पना रूढ केली, आता वेगवेगळ्या रूपांत ती बऱ्याच बोर्डांवर दिसते. पण मला या बोर्डने जिंकलं ते वेगळ्याच गोष्टीने, त्याच्या पिळाने.

कडकपणाचा जो आकडा दुकानात सांगतात तो लांबीतल्या वाकण्याचा असतो. बोर्ड आडवाही पिळला जातो, आणि त्याबद्दल मला आधी कोणी बोललं नव्हतं. वळण सुरू करताना पुढच्या पायाची बोटं दाबली आणि मागचा पाय अजून टाचेवर असला, तर दोन पायांमधला भाग ओला पंचा पिळावा तसा पिळला जातो. पुढची कड आधी बर्फ पकडते, मागची तिच्यामागून येते. वळण ढकलावं लागत नाही, ते पुढच्या पायापासून सुरू होतं. मला शिकवणाऱ्या प्रशिक्षिका दोन वर्षं हेच सांगत होत्या, “आधी पुढचा पाय.” मी ते मनापासून करतही होते, पण माझा जुना बोर्ड माझ्या ताकदीने पिळलाच जात नव्हता. तिसऱ्या बोर्डवर दुसऱ्या दिवशी अडीचच्या सुमारास, खरवडलेल्या निळ्या उतारावर, मी पुढच्या पायाची बोटं दाबली आणि बोर्ड वळला. पुन्हा दाबली, पुन्हा वळला. खाली पोचेपर्यंत मी अकरा वळणं मोजली. खालच्या कुंपणाशी उभी राहिले तेव्हा गॉगलच्या आत डोळे ओले झाले होते.

त्याच्यातही उणीव आहे. निळ्या उतारावरून वेगाने, सरळ सुटलं की टोक थरथरतं. अधिक धीट, अधिक वजनाच्या माणसाला तो लवकर अपुरा पडेल. सपाट लांब वाटांवर मात्र त्याचा तळ चांगला सरकतो. तळ सिंटर्ड प्लॅस्टिकचा आहे, मेण धरून ठेवतो, आणि मेण वेळच्या वेळी लावलं नाही तर तो कोरडा पडून रुततो. स्कीवाल्यांच्या हातात काठ्या असतात, आम्हाला अशा वाटेवर वेग गेला की एक पाय सोडवून ढकलत जावं लागतं. एरवी क्षुल्लक वाटणारी ही गोष्ट थकलेल्या पायांना फार महत्त्वाची असते.

मी तोच घेतला. १४९ सेंटिमीटर, कमरेशी रुंदी २४ सेंटिमीटर, कडकपणा मध्यम. माझे बूट त्यावर आडवे ठेवले की बोटं आणि टाच कडेबाहेर अगदी थोडी येतात. जास्त आली असती तर वळताना बूट बर्फाला घासून कड सुटली असती, आणि फारच आत राहिली असती तर बोर्ड कलवायला ताकद लागली असती. नवा बोर्ड घरी आला त्या संध्याकाळी त्या मुलाने दोन्ही टोकांची कड रबरी दगडाने थोडी बोथट करून दिली, म्हणजे सपाट वाटेवर ती उगाच अडकत नाही.

गेल्या महिन्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. फेब्रुवारीत तो गुलमर्गला शिकायला जाणार आहे. “आत्या, बोर्ड कोणता घेऊ?” मी म्हटलं, घेऊ नकोस, तिथेच भाड्याने घे. देणाऱ्याला आधी वजन सांग, मग बुटाचं माप, आणि उंची विचारली तरच उंची. कडेवरून नख फिरवून बघ. पहिल्या दिवशी मऊ, चुका पोटात घालणारा बोर्ड माग. वळणं जमायला लागली की कड धरणारा मागून बघ, आणि तो दुपारच्या बर्फावर बघ. हेल्मेट आणि मनगटाचे संरक्षक पहिल्या दिवसापासून घाल. आमच्या खेळात सगळ्यात जास्त मोडतं ते मनगटच.