एका रात्रीचा शेजार

तंबूला कडी नसते. चेन ओढली की दार बंद, आणि त्या कापडापलीकडे चार पावलांवर दुसऱ्या कुणाचं तरी बिऱ्हाड. शेजारच्या बाळाचं रडणं, आजोबांचं खोकणं, नवराबायकोची दबक्या आवाजातली धुसफुस, सगळं आपल्या उशाशी. शहरात एकाच मजल्यावर वर्षानुवर्षं राहून जी माणसं लिफ्टमध्ये मान हलवण्यापुढे जात नाहीत, तीच पवनेच्या काठी तासाभरात एकमेकांकडे मीठ मागायला जातात. मला हे फार मोलाचं वाटतं.

पाऊस सरला, भातं कापून झाली की मावळात मुक्कामाचा हा हंगाम सुरू होतो. लोणावळ्याहून दुधिवरे खिंड उतरून यावं, नाहीतर कामशेतहून पवनानगरकडे वळावं. जुनी माणसं त्याला अजून काले कॉलनीच म्हणतात. मग एका वळणावर पाणी समोर येतं. लोहगड, विसापूर, तिकोना आणि तुंगचा तो सरळ उभा सुळका, असे चार किल्ले भोवती. ठाकुरसई, गेव्हंडे, आपटी अशा गावांच्या शिवारांत काठाकाठाने तंबू लागलेले असतात. पुण्या-मुंबईच्या माणसाला अलिबाग-दिवेआगरचा किनारा प्रत्येक वेळी जमत नाही. शनिवारी जेवून निघालं तरी उन्हं उतरायच्या आत गाठता येईल असा किनारा म्हणजे हा.

आम्ही डिसेंबरात गेलो होतो, मुलं आणि सासूबाईंना घेऊन. डावीकडे घाटकोपरचं गुजराती कुटुंब, उजवीकडे हिंजवडीत नोकरी करणारी चार मुलं. संध्याकाळी वारा सुटला आणि आमच्या तंबूची एक बाजू फडफडू लागली. त्या चौघांतला एक उठून आला. मऊ जमिनीत मेख सरळ ठोकली तर ती धरत नाही. तिचं डोकं तंबूपासून बाहेर झुकवून तिरकी ठोकायची आणि वर दगड ठेवायचा, हे त्याने माझ्या लेकाच्या हातून करून घेतलं. तेवढ्यात घाटकोपरच्या भाभी थेपले आणि छुंदा घेऊन आल्या. सासूबाईंनी तिळकुटाची पुडी सोडली. त्यांच्या बा आणि आमच्या सासूबाई दोघींनी गुडघ्यांपासून सुरुवात केली आणि सुनांपर्यंत आल्या. एकीला मराठी जेमतेम कळत होतं, दुसरीला गुजराती मुळीच नाही, पण दोघींचं बोलणं थांबेना.

मुलं पाण्याकडे पळाली तशी जागामालक काकांनी लांबून हाक घातली. "ए पोरांनो, आत नाय जायचं! वरनं सपाट दिसतंय, पर खाली आमचे बांध हायेत, हिरी हायेत. पाय कुठं पडंल सांगता येत नाय."

आमचे बांध. त्यांनी ते इतकं सहज म्हटलं, जसं कुणी आपल्या परसातल्या खड्ड्याबद्दल सांगावं. मग मुलांना बाजूला बसवून ते हात लांबवून दाखवू लागले. इथून बैलगाडीची वाट जायची, तिथे आंब्याची झाडं होती, पलीकडे चुलत्याचं खळं. लहानपणी पायाखाली असलेला सगळा गाव त्यांनी पाण्यावर बोटाने आखला. मुलं डोळे बारीक करून तिकडे पाहत राहिली, जणू पाहिलं तर दिसेल.

पवना धरण 1970च्या दशकाच्या सुरुवातीला उभं राहिलं. साठा साधारण साडेआठ टीएमसी. हे पाणी पिंपरी-चिंचवडला जातं. म्हणजे चिंचवडला माझ्या स्वयंपाकघरातल्या नळाला येतं ते हेच. त्यासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या असे 1,203 खातेदार सरकारदरबारी नोंदलेले. त्यातल्या 340 जणांना बदली जमीन मिळाली आणि उरलेले 863 पुढे कित्येक दशकं खेटे घालत राहिले. पुढे धरणापासून शहरापर्यंत बंद जलवाहिनीचं काम निघालं, तेव्हा मावळातला शेतकरी रस्त्यावर उतरला. 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ द्रुतगती महामार्गावर पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले, त्यात एक बाई होती. शहरातून इथे गार वारा खायला येणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. त्याने आनंद कमी होत नाही. आपण कुणाच्या अंगणात अंथरूण घातलं आहे ते कळतं, आणि मग माणूस काठावर बाटली फेकत नाही, मालकाला 'ए' म्हणून हाक मारत नाही.

रात्री काकूंच्या चुलीपाशी बसलो. त्या तांदळाच्या पिठाला उकळतं पाणी घालून उकड मळत होत्या. हाताला चटका बसेल इतक्या गरम पिठाचा गोळा पाण्याच्या हाताने दोन्ही तळव्यांत फिरत फिरत पसरत जायचा, परातीला न टेकता. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात, उलटली की तवा बाजूला आणि भाकरी निखाऱ्यासमोर उभी. क्षणात टम्म. सोबत पिठलं, लसणीचा ठेचा आणि इंद्रायणीचा भात. हा तांदूळ याच मातीतला; वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने तो काढला. झाकण उघडलं तसं हिंजवडीच्या मुलांतला विदर्भाकडचा एकजण वासानेच गप्प झाला. भाभींनी भाकरी थापून पाहिली, ती मधेच फाटली. काकूंनी हसून तोच गोळा पुन्हा त्यांच्या हातात दिला. दूरच्या एका तळावर मोठ्याने गाणी चालू होती. काका काठी घेऊन गेले आणि परत आले तेव्हा फक्त पाण्याची चुबुक ऐकू येत होती.

निजताना त्यांनी सांगितलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाघेश्वराचं देऊळ वर येतं. दगडी, जुनं. महिनोन्‌महिने पाण्यात राहूनही उभं आहे.

सकाळी दोन्ही घरं मिळून बेडशाची लेणी पाहायला गेलो. कामशेतच्या रस्त्यालाच हे गाव आहे. पायऱ्या पुष्कळ; बा आणि सासूबाई एकमेकींचा हात धरून, थांबत थांबत चढल्या. चैत्यगृह पूर्वाभिमुख असल्यामुळे सकाळचं ऊन थेट खांबांवर येतं, वरचे हत्ती-घोडे आणि त्यांवरचे स्वार उजळून निघतात. दोन हजार वर्षांमागे हे खोदलं गेलं. बोरघाटातून वर येणारे व्यापारी या वाटांनी जात, भिक्खू पावसाळ्यात लेण्यांत राहत. इथल्या एका पाण्याच्या टाक्यावर दान देणाऱ्या बाईचं नाव कोरलेलं आहे: महारठिनी सामडिनिका, आपदेवणकाची बायको. मी ते सर्वांना सांगितलं. येणाऱ्या-जाणाऱ्या अनोळखी माणसांना पाणी मिळावं म्हणून एका बाईने खडक फोडून घेतला होता. बांनी ते नाव दोन-तीनदा म्हणून पाहिलं, नीट जमेपर्यंत.

उतरताना पायऱ्यांवरच ठरलं, मे महिन्यात वाघेश्वर पाहायला पुन्हा यायचं. मी तिथूनच काकांना फोन लावला. किती जण, एवढंच त्यांनी विचारलं आणि काकूंना मोठ्याने हाक मारून आकडा सांगितला.