चोर्ला घाटातील विसावा

साखळीहून बेळगावकडे येताना चोर्ला घाटात वाहनांची रांग खोळंबली की जुन्या अँबॅसॅडरचा तापमानदर्शक काटा चढू लागतो. धावत्या गाडीला समोरचा वारा निववतो; उभ्या गाडीची सारी भिस्त पंख्यावर. तो इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणून इंजिनाबरोबर मंदावतो. केवळ थांबल्यावरच गाडी तापत असेल, तर प्रथम सैल पट्टा आणि रेडिएटरच्या जाळीतील धूळ पाहावी. धावतानाही तापत असेल, तर पाण्याच्या वाटेतही दोष शोधावा. मात्र तापलेल्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. उसळते पाणी हात-तोंड भाजते. इंजिन बंद करून सुरक्षित जागी स्वस्थ बसावे, भोवतालचे अरण्य न्याहाळावे. मलप्रभेचे उगमस्थान कणकुंबी पुढेच आहे. तेथे तासभर उशिरा पोहोचल्याने काही बिघडत नाही.