मॉरिशसला निघालेल्या मंडळींसाठी

परदेशगमन ही आता मूठभर श्रीमंतांची मिरासदारी उरलेली नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव अशा गावांतील मध्यमवर्गीय मराठी कुटुंबेही चार पैसे गाठीला बांधून समुद्र ओलांडू लागली आहेत, आणि त्यांच्या तोंडी मॉरिशसचे नाव वारंवार ऐकू येते. प्रवासी कंपन्यांच्या रंगीत पत्रकांत या बेटाचा निळा समुद्र आणि पांढरी वाळू तेवढी दिसते. कोणत्या महिन्यात जावे, बरोबर काय न्यावे आणि काय नेऊ नये, शाकाहारी माणसाने जेवावे कोठे, यांविषयी ती पत्रके मौन पाळतात. तेथे आपलीच म्हणावीत अशी माणसे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, याचाही त्यांत उल्लेख नसतो. आम्ही उभयतांनी दिवाळीच्या सुट्टीत तेथे दहा दिवस काढले. त्या अनुभवाच्या आधारे चार उपयुक्त गोष्टी वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मॉरिशस हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेस आहे. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या निम्मे. लोकवस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. हा देश १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाला आणि १९९२ साली त्याच तारखेस प्रजासत्ताक बनला. बेट इतके आटोपशीर असल्यामुळे रोज मुक्काम हलविण्याची यातायात करू नये. एका ठिकाणी बिऱ्हाड करावे आणि तेथून रोज एकेक दिशा पाहून यावी. बसगाड्या सर्वत्र जातात, पण सायंकाळनंतर त्या विरळ होतात, हे ध्यानात ठेवून परतीची वेळ ठरवावी. पोर्ट लुई या राजधानीपासून क्युरपीपपर्यंत आता मेट्रो धावते आणि तिने जाणे सुखाचे आहे.

ऋतूंच्या बाबतीत आपल्या लोकांची हमखास फसगत होते. हे बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्याने तेथील ऋतुचक्र आपल्या उलट चालते. नोव्हेंबर ते एप्रिल हा उन्हाळा आणि पावसाचा काळ, मे ते ऑक्टोबर हा हिवाळा. आपल्या शाळांच्या मे-जूनच्या सुट्टीत तेथील हवा प्रसन्न असते. मात्र क्युरपीपच्या पठारावर रात्री गारठा जाणवतो, तेव्हा वडीलधाऱ्यांसाठी एखादा स्वेटर अवश्य घ्यावा. जानेवारी-फेब्रुवारीत चक्रीवादळांचे भय असते. १९६० साली ‘कॅरल’ नावाच्या वादळाने बेटाची अपरिमित हानी केली, आणि जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ वादळाच्या वेळी पोर्ट लुईच्या रस्त्यांतून पुराचे पाणी वाहिले. त्या दिवसांत जाणे भागच असेल, तर हवामानखात्याच्या सूचना मुकाट्याने पाळाव्यात आणि परतीच्या तारखेत एक-दोन दिवसांची सवड ठेवावी.

मुंबईहून थेट विमानाने सुमारे सहा तासांत तेथे पोहोचता येते. घड्याळ दीड तास मागे घ्यावे लागते. पर्यटनासाठी जाणाऱ्या भारतीय नागरिकास आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही, पोहोचल्यावर विमानतळावरच परवानगी मिळते. तथापि परतीचे तिकीट, निवासाची व्यवस्था आणि खर्चापुरते पैसे यांचे पुरावे हाताशी असावेत. नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी एकवार खातरजमा करून घ्यावी हे उत्तम. तेथील चलनही रुपयाच आहे, परंतु त्याचे मोल अलीकडे आपल्या रुपयाच्या जवळजवळ दुप्पट आहे, हा हिशेब मनात ठेवूनच खरेदी करावी. १२ फेब्रुवारी २०२४ पासून आपली यूपीआय आणि रूपे कार्डाची सेवा तेथे सुरू झाली आहे. तरीही बस आणि हातगाडीवरचे खाणे यांसाठी सुटे पैसे जवळ हवेत.

सामान बांधताना गृहिणींनी विशेष दक्षता घ्यावी. ताजी फळे, भाज्या, रोपे, बियाणे यांच्या बाबतीत तेथील तपासणी कडक आहे. परवान्यावाचून ती नेऊ नयेत. तुळशीचे रोप प्रेमाने नेले, तरी ते विमानतळावरच ठेवावे लागेल. नेहमीच्या औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी, कारण झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांवर तेथे निर्बंध आहेत. प्लॅस्टिकच्या पिशव्यांना २०१६ पासून बंदी आहे, म्हणून दोन कापडी पिशव्या घ्याव्यात.

शाकाहारी मंडळींनी घाबरून जाण्याचे कारण नाही. रस्तोरस्ती मिळणारी ‘दालपुरी’ हे या देशाचे आवडते खाणे आहे. पातळ, मऊ पोळीत डाळीचे पुरण असते, गोड मात्र नसते. सोबत पावट्यासारख्या दाण्यांची उसळ, टोमॅटोची रस्सेदार चटणी आणि मिरची देतात. ‘गातो पिमां’ म्हणजे डाळीचे तिखट वडे. आमच्या मंडळींनी त्याला ‘समुद्रापारचा डाळवडा’ असे नाव देऊन टाकले. तेथे सर्वांच्या तोंडी क्रिओल भाषा असते. तिच्यातले ‘सां लाव्यान, सां प्वासों’, म्हणजे मांस नको, मासळी नको, एवढे शब्द पाठ केले तरी निभावते.

समुद्राशी मात्र सलगी बेताने करावी. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाची भिंत आहे, आणि तिच्या आतले पाणी संथ असते. दक्षिणेकडे ग्रि-ग्रि येथे ही भिंत नाही. तेथे लाटा थेट कड्यावर आदळतात, म्हणून त्या दुरूनच पाहाव्यात. पाण्यात उतरताना पायांत रबरी जोडे असावेत, कारण दगडासारखा दिसणारा एक विषारी मासा उथळ पाण्यात तळाशी बसलेला असतो. शंख आणि प्रवाळ उचलून आणण्यास कायद्याने मनाई आहे. मुलांना हे आधीच समजावून सांगावे.

पाहण्यासारखे पुष्कळ आहे. पाम्प्लमूसच्या बागेत परातीएवढ्या पानांची कमळे आहेत. शामारेलची सात रंगांची माती आहे. गंगा तलाव हे विवरातले तळे आहे, आणि महाशिवरात्रीला लक्षावधी भाविक तेथे पायी जातात. परंतु आमची आग्रहाची विनंती अशी की, या साऱ्यांच्या आधी एक सकाळ पोर्ट लुईच्या बंदरावरील आप्रवासी घाटासाठी राखून ठेवावी. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ जहाजातून ३६ भारतीय मजूर येथे उतरले. त्यानंतर १९२० पर्यंत पाच लाखांच्या जवळपास माणसे ऊसमळ्यांवर राबण्यासाठी करारावर आणली गेली. २००६ साली हा घाट जागतिक वारसास्थळ ठरला. पायऱ्या लहान आहेत, दगड साधे आहेत. छायाचित्र काढण्याजोगे तेथे फारसे नाही, तरी तेथे उभे राहिल्यावर बोलणे आपोआप थांबते.

या मजुरांतील काही मुंबई बंदरातून निघाले होते, आणि त्यांत रत्नागिरी, सावंतवाडीकडील कोकणी माणसे होती. त्यांचे वंशज आज मॉरिशसचे मराठी म्हणून ओळखले जातात. बेटाच्या पश्चिमेस कास्काव्हेल येथे त्यांचे मंदिर आहे. गणेशचतुर्थीला साऱ्या देशाला सार्वजनिक सुट्टी असते. घरोघरी मूर्ती येते, आणि कोकणातले जाखडी नृत्य ते ‘झाकरी’ या नावाने अजून नाचतात. शाळांतून मराठी हा ऐच्छिक विषय आहे, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठी विभाग आहे, आणि एप्रिल २०२३ मध्ये या देशात शिवछत्रपतींचा पुतळा उभा राहिला. घरात बोलण्याची भाषा मात्र बहुतेकांची क्रिओल झाली आहे. अनेकांचे आडनावही कोकणातले उरलेले नाही. नोंदणीच्या वेळी कारकुनाने पणजोबांचे जे नाव लिहिले, तेच पुढे कुळाचे नाव झाले.

अशाच एका घरी आम्हांस जेवणाचे आमंत्रण होते. घरच्या ऐंशीच्या घरातील आजींनी हौसेने मराठीत स्वागत केले. ‘तुम्ही बस, पाणी घेते?’ असे काहीसे त्या म्हणाल्या. आमच्याबरोबरच्या एका सद्गृहस्थांनी लगेच ‘बस नव्हे, बसा, घेते नव्हे, घेता’ असा पाठ दिला. आजी हसल्या आणि गप्प झाल्या. त्यानंतर जेवण संपेपर्यंत त्या नातवाशी क्रिओलमध्येच बोलत होत्या, मराठी शब्द त्यांनी पुन्हा उच्चारला नाही. आमचे आयुष्य मुलांच्या वह्या तपासण्यात गेले. शुद्धलेखनाचे मोल आम्हांस ठाऊक आहे. पण पाण्याचा पेला पुढे करणारा हात ही काही परीक्षेची उत्तरपत्रिका नव्हे.

आपण बृहन्महाराष्ट्रातील माणसे हे अधिक जाणतो. आमच्या इंदुरी मराठीत हिंदी शिरली म्हणून, बडोद्याच्या मराठीत गुजराती मिसळली म्हणून, पुण्या-मुंबईच्या आप्तांनी केलेली थट्टा आपण प्रत्येकाने सोसली आहे. त्या थट्टेने आपल्या घरातली किती मुले मराठी बोलायला बिचकू लागली, हे घरोघरच्या माउलींना विचारावे. ज्यांच्यावर असे तपासनीस बसले, त्यांनीच दुसऱ्यावर तपासनीस होऊ नये.

तेव्हा तेथे कोणी मोडके मराठी बोलले, तर आपण सावकाश, सोप्या मराठीत उत्तर द्यावे आणि बोलणे चालू ठेवावे. भेट म्हणून बालगीतांची, गोष्टींची चित्रमय पुस्तके न्यावीत. त्यांना विमानतळावर कोणी अडवीत नाही. आणखी एक काम आपल्या हातून होण्याजोगे आहे. मोका येथील संस्थेत त्या काळच्या मजुरांच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. त्यांत जहाजाचे, जिल्ह्याचे, गावाचे नाव असते, परंतु ते परक्या कारकुनाने कानाला ऐकू आले तसे रोमन लिपीत उतरविलेले असते. असा उतारा कोणी पुढे ठेवला, तर ते नाव मोठ्याने निरनिराळ्या प्रकारे उच्चारून पाहावे, लिहून घ्यावे, आणि घरी परतल्यावर कोकणातल्या ओळखीच्या माणसाला विचारावे. उत्तर मिळाले तर पत्राने कळवावे. न मिळाले, तरी शोध केल्याचे कळवावे.